स्थानिक वीजबाजाराची सेवा: वर्षभराच्या वापरानंतरचे परीक्षण

छतावरच्या सौर पॅनेलमधून उरणारी वीज वितरण कंपनीला ठरलेल्या दराने देण्याऐवजी परिसरातल्या इतर ग्राहकांना विकता येते, असे सांगणाऱ्या एका स्थानिक वीजबाजाराचे सभासदत्व मी घेतले, त्याला आता एक वर्ष पूर्ण झाले आहे. या सेवेचे नाव येथे देत नाही, कारण मला दिसलेले तिचे बहुतेक गुणदोष एका कंपनीचे नसून या प्रकारच्या बाजाराच्या रचनेतच असलेले आहेत. बिलात किती बचत झाली एवढ्यावर या सेवेचे मोल ठरवू नये, असे माझे मत वर्षभरात पक्के झाले आहे. ज्या तारांवर आणि ज्या रोहित्रावर (ट्रान्सफॉर्मरवर) हा बाजार चालतो, त्यांचा भार त्याने हलका केला की वाढवला, हे पाहिल्याशिवाय त्याचे परीक्षण अपुरेच राहते.

सेवेची रचना थोडक्यात अशी आहे. दर १५ मिनिटांनी एक लिलाव होतो. वीज विकणारा आपल्याला परवडणारा किमान दर कळवतो, घेणारा कमाल दर कळवतो, आणि सर्वांत स्वस्त विक्रीबोली सर्वांत चढ्या खरेदीबोलीशी जुळवत यादी पुढे सरकते. जी वीज जुळत नाही, ती नेहमीप्रमाणे वितरण कंपनीकडे जाते किंवा तिच्याकडून येते. त्यामुळे बाजारातला दर वितरण कंपनी उरलेल्या विजेला जे देते त्याहून थोडा वर आणि ती ग्राहकाकडून जे घेते त्याहून थोडा खाली असा राहतो. या दोन दरांमधली फट हीच बाजाराची सगळी पुंजी असते, विकणारा, घेणारा आणि सेवा चालवणारी कंपनी तिघेही त्याच फटीतून आपला वाटा घेतात. ही फट कशामुळे पडते, हा प्रश्न मी सभासद होताना विचारला नव्हता. तो पुढे विचारावा लागला.

सेवेच्या जाहिरातीत ‘शेजाऱ्याच्या छतावरची वीज’ हे शब्द ठळकपणे येतात, आणि माझा पहिला आक्षेप त्यांनाच आहे. वीज कोणाच्या नावाची चिठ्ठी घेऊन वाहत नाही. किरखॉफच्या नियमांनुसार ती जवळच्या भाराकडे आपोआप वळते, करार कोणाशी झाला आहे याची तिला खबरही नसते. माझ्या छतावरची दुपारची जादा वीज मी सभासद होण्याच्या आधीही शेजारच्या घरांतच खर्च होत होती. तारेतली विजेची गळती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून निर्मिती आणि वापर एकाच वेळी एकाच वाहिनीवर, म्हणजे रोहित्रातून निघून घरांपर्यंत जाणाऱ्या एकाच तारेवर, झाल्यास गळती घटते, हे अगदी खरे आहे. पण ती घट पॅनेल बसवल्या दिवशीच झाली होती. बाजाराने केवळ हिशेब बदलला असेल, तर तारेतून वाहणारा प्रवाह काल होता तसाच आजही राहतो. बाजारामुळे कोणी पाणी तापवण्याची वेळ बदलली, कोणी बॅटरी दुपारी भरून संध्याकाळी रिकामी केली, कोणी गाडी रात्रीऐवजी उन्हात चार्ज केली, तरच वीजजाळ्याला त्याचा उपयोग झाला असे म्हणता येईल. पुढचे सगळे परीक्षण मी याच मापाने केले आहे.

नोंदणी, मीटर बदलणे आणि अ‍ॅप वापरणे यांविषयी तक्रार नाही. सुरुवातीचे काही आठवडे मी स्वतः बोली लावत होते, हवामान पाहून दर खालीवर करत होते. दिवसाला ९६ लिलाव होतात हे ध्यानात आल्यावर ते काम स्वयंचलित बोलीकडे सोपवले, आणि महिन्याच्या शेवटी निकालात म्हणावा असा फरक पडला नाही. घरगुती ग्राहकाने रोज दर ठरवत बसावे अशी अपेक्षा ठेवणारी सेवा टिकणार नाही, आणि या सेवेने ती ठेवलेली नाही, हे चांगले केले.

खरी अडचण दुपारी येते. एका परिसरातली सगळी छपरे एकाच सूर्याखाली असतात. माझ्याकडे वीज उरते तेव्हा समोरच्या घरीही उरते, आणि मला वीज कमी पडते तेव्हा त्यांनाही कमी पडते. त्यामुळे स्वच्छ उन्हाच्या दिवशी साडेअकराच्या सुमारास बाजारातला दर तळाशी जाऊन बसतो, आणि सूर्य मावळला की घेणारे अनेक असूनही विकायला कोणी उरत नाही. बाजार म्हटला की त्यात वेगवेगळ्या गरजा असलेली माणसे हवीत. फक्त सौर पॅनेलवाल्या घरांचा बाजार म्हणजे सर्वांनी एकाच दिवशी एकच भाजी विकायला आणण्यासारखे आहे. ज्या महिन्यात आमच्या बाजारात एक शीतगृह आणि दिवसा चालणारे एक छोटे कार्यालय सभासद झाले, त्याच महिन्यापासून दुपारचा दर सावरला. म्हणून कोणी मला या सेवेबद्दल विचारले तर मी आधी सभासदांची यादी पाहायला सांगते: त्यात दुपारी वीज खाणारे कोण आहे, आणि संध्याकाळी वीज देऊ शकणारे कोण आहे?

दुसरी अडचण मला चौथ्या महिन्यात समजली, आणि ती या सेवेची सर्वांत मोठी उणीव आहे. आमचे घर वाहिनीच्या शेवटच्या टोकाला आहे. कमी दाबाच्या तारांमध्ये रोध जास्त असतो, त्यामुळे टोकाकडून रोहित्राकडे वीज उलटी वाहू लागली की टोकाचा विद्युतदाब वाढतो. २३० व्होल्टच्या जाळ्यात तो दहा टक्क्यांहून वर, म्हणजे २५३ व्होल्टच्या पुढे गेला, की माझा इन्व्हर्टर (पॅनेलची वीज जाळ्याला चालेल अशी करून देणारे यंत्र) आधी निर्मिती घटवतो आणि मग बंद होतो. सलग नऊ दिवस भर दुपारी हेच झाले. त्या प्रत्येक दिवशी बाजारात माझी बोली जुळलेली होती, अ‍ॅपवर व्यवहार पूर्ण झाल्याचे हिरवे चिन्ह दिसत होते, आणि प्रत्यक्षात माझ्या छतावरून एक युनिटही बाहेर पडत नव्हते. विकलेली पण न दिलेली वीज सेवा कंपनीने वितरण कंपनीकडून घेतली आणि तो फरक माझ्या बिलात लावला. रोहित्राच्या जवळ राहणाऱ्या सभासदांना असा एकही दिवस आला नाही. त्यांच्या छतांनीच टोकाचा दाब वाढवण्याला हातभार लावला होता, पण त्याचा भुर्दंड एकट्या टोकाच्या घरावर पडला.

मदत कक्षाने तक्रार नीट ऐकून घेतली आणि दुसऱ्या महिन्यात रक्कम परतही केली, त्यामुळे त्यांच्या वागणुकीत खोट काढता येणार नाही. पण त्यांच्या उत्तराचा सारांश असा होता की लिलावाच्या गणितात विद्युतदाब किंवा तारेची क्षमता धरलेलीच नाही. ज्या मालाची ने-आण एकाच अरुंद वाटेने होते, त्या मालाचा बाजार वाटेचा विचार न करता चालवला जात होता, हे वाचून मी अस्वस्थ झाले.

हे करता येत नाही असेही नाही. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात ऑलिंपिक द्वीपकल्पावर २००६-०७ मध्ये पॅसिफिक नॉर्थवेस्ट राष्ट्रीय प्रयोगशाळेने ११२ घरांसह जो प्रयोग केला, त्यात वेगवेगळ्या ठिकाणची घरे, नगरपालिकेचे पाण्याचे पंप आणि राखीव जनरेटर एकाच काल्पनिक वाहिनीवर आहेत असे मानून त्या वाहिनीला क्षमतेची मर्यादा घातली होती. दर ५ मिनिटांनी लिलाव होई, थर्मोस्टॅट आणि पाणी तापवण्याची यंत्रे घरमालकाने आधी सांगितलेल्या सोयीनुसार स्वतः बोली लावत, आणि मागणी मर्यादेजवळ आली की दर चढून भार आपोआप उतरे. त्या बाजारात तार हीच मुख्य गोष्ट होती. त्यानंतर दहा वर्षांनी, २०१६ मध्ये, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात एका छताची वीज समोरच्या घराला ब्लॉकचेनवरून (अनेक संगणकांवर एकत्र ठेवलेल्या, बदलता न येणाऱ्या नोंदवहीवरून) विकल्याची बातमी जगभर गाजली. तिने असंख्य लोकांना या विषयाकडे ओढले याबद्दल मला आदर आहे, परंतु त्यानंतर निघालेल्या अनेक सेवांचे लक्ष व्यवहाराच्या नोंदीवर खिळले आणि तार मागे पडली, असे मला वाटते. आमची सेवा त्याच पिढीतली आहे.

ब्लॉकचेनचा प्रश्न यासोबतच संपवते. नोंद कोणालाही बदलता येत नाही हे ठीक आहे, पण नोंदीत जाणारा आकडा मीटरकडून येतो, आणि मीटर चुकले तर चूकच कायमची कोरली जाते. शिवाय हिशेबाची अंतिम वसुली वितरण कंपनीच्या बिलातूनच होते. माझ्या वापरात या तंत्राने चांगले किंवा वाईट असे काहीच घडले नाही.

सातव्या महिन्यात सेवेने एक सुधारणा केली, आणि तिच्यामुळेच मी सभासद राहिले. वितरण कंपनीशी करार करून त्यांनी ‘वाहिनी-सहाय्य’ नावाचा वेगळा व्यवहार सुरू केला. रोहित्रावरचा भार ठरावीक पातळीच्या वर जाण्याची शक्यता असेल तेव्हा वितरण कंपनी आदल्या दिवशी तसे कळवते, आणि त्या वेळात वापर कमी करणाऱ्या किंवा बॅटरीतून वीज देणाऱ्या सभासदांकडून ती सेवा विकत घेते. दुपारी दाब वाढण्याची भीती असेल तर उलट, वीज शोषून घेणाऱ्याला पैसे मिळतात. याच सुमारास मी घरात बॅटरी बसवली. सुरुवातीला ती दुपारपर्यंत भरून जायची आणि नेमक्या दाबाच्या वेळी रिकामी जागा उरत नसे. आता ती सकाळी मुद्दाम रिकामी ठेवली जाते. त्यानंतर इन्व्हर्टर बंद पडण्याचे प्रसंग जवळजवळ थांबले, आणि टोकाला घर असणे हा तोटा न राहता काही प्रमाणात कमाईचे साधन झाले, कारण त्या जागी शोषलेले युनिट रोहित्राशेजारी शोषलेल्या युनिटपेक्षा दाब उतरवायला अधिक उपयोगी पडते आणि नवा दर ते मानतो.

अशा व्यवहारांचा अनुभव इतरत्रही आहे. इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यात २०२० पर्यंत चाललेल्या स्थानिक बाजारात १०० घरांतल्या बॅटऱ्या आणि अनेक व्यवसाय सहभागी होते, आणि तेथे राष्ट्रीय जाळ्याचा चालक व स्थानिक वितरण कंपनी एकाच मंचावर लवचीकता, म्हणजे गरजेनुसार वापर किंवा निर्मिती कमी-जास्त करण्याची तयारी, विकत घेत होते. ही दुसरी बाब महत्त्वाची आहे. संपूर्ण जाळ्याला निर्मिती वाढवून हवी असते त्याच वेळी एखाद्या वाहिनीला ती घटवून हवी असू शकते, आणि एकच बॅटरी दोघांना दोन वेगळी वचने देऊन बसली तर एक वचन मोडणारच. नेदरलँड्समध्ये २०१९ पासून चालणाऱ्या गोपॅक्स या व्यवस्थेने यावर चोख उपाय काढला आहे. तारांवर क्षमतेपेक्षा जास्त भार येऊन कोंडी झालेल्या भागात निर्मिती घटवण्याची बोली घेतली की त्याच वेळी कोंडीबाहेरच्या भागातून तेवढीच निर्मिती वाढवण्याची बोली घेतली जाते, आणि दोन्ही दरांतला फरक जाळ्याचे चालक भरतात. त्यामुळे एका गल्लीची कोंडी सोडवताना देशाचा समतोल ढळत नाही. आमच्या सेवेत अशी जोड-बोली अजून नाही. सभासद थोडे आहेत तोवर ते खपून जाईल, हजारो झाले की नाही.

बॅटऱ्या वाढल्यावर आलेला एक त्रासही नोंदवला पाहिजे. सुधारणा झाल्यावर दुसऱ्या महिन्यात संध्याकाळचा स्वस्त दर ज्या मिनिटाला सुरू होई, त्याच मिनिटाला सगळ्या गाड्या आणि बॅटऱ्या एकदम भार घेऊ लागल्या, आणि पूर्वी जेथे शिखर नव्हते तेथे नवे शिखर उभे राहिले. एकच दर सगळ्यांना एकाच क्षणी सांगितला की सगळी यंत्रे एकाच वेळी तोच शहाणपणा करतात, आणि रोहित्राच्या दृष्टीने ते वेडेपण ठरते. सेवेने प्रत्येक घराची सुरुवातीची वेळ काही मिनिटांनी पुढेमागे केली आणि एकत्रित भाराला वरची मर्यादा घातली, तेव्हा ते शिखर मोडले. चूक मान्य करून तीन आठवड्यांत दुरुस्त केली याचे पूर्ण श्रेय मी त्यांना देते.

वाहिनी-सहाय्याच्या पैशांबाबत मात्र मला काळजी वाटते. वापर ‘कमी’ केल्याचे पैसे द्यायचे तर आधी तो किती झाला असता हे ठरवावे लागते, आणि हा पायाभूत आकडा आधीच्या दहा दिवसांच्या सरासरीवरून काढला जातो. ज्याला हे माहीत आहे, तो आधीचे दहा दिवस विनाकारण वापर फुगवू शकतो. मोठ्या बाजारांत याचे जुने दाखले आहेत: कॅलिफोर्नियात २०००-०१ च्या वीजसंकटाच्या काळात काही कंपन्यांनी कागदावर कोंडी उभी केली आणि ती सोडवण्याचे पैसे घेतले. तेथील जाळ्याने २००९ मध्ये प्रत्येक जोडबिंदूवर वेगळा दर ठरवण्याची पद्धत स्वीकारली, त्यामागे असे अनुभवही होते. जर्मनीत स्थानिक लवचीकता-बाजारांवर चर्चा झाली तेव्हाही हाच आक्षेप पुढे आला की कोंडीच्या ठिकाणी घट विकता येत असेल, तर आधी मुद्दाम वाढ करून ठेवण्याचा मोह होणारच. गाडी किंवा बॅटरीसाठी वेगळे मीटर लावून प्रत्यक्ष प्रवाहच मोजला तर अंदाजी आकड्याची गरज बरीच कमी होते. ही सूचना मी लेखी दिली आहे आणि तिच्यावर उत्तर यायचे आहे.

आता त्या फटीचा प्रश्न. वितरण कंपनी उरलेल्या विजेला जे देते आणि ग्राहकाकडून जे घेते, त्यांच्यातल्या फरकाचा मोठा हिस्सा वहन आकाराचा, म्हणजे तारा, खांब, रोहित्रे आणि ती राखणारी माणसे यांच्या खर्चाचा असतो. हा खर्च विकल्या गेलेल्या युनिटांवर फारसा अवलंबून नसतो. जाळे वर्षातल्या सर्वांत जड तासासाठी बांधलेले असते, आणि त्या तासाला माझी पॅनेल बहुधा अंधारात असतात. स्थानिक व्यवहारांना वहन आकारात सूट मिळाली, आणि आमच्या सेवेला ती सुरुवातीला मिळाली होती, तर माझी बचत वाढते, पण जाळ्याचा खर्च तसाच राहतो. तो मग ज्यांच्याकडे स्वतःचे छत नाही, जे भाड्याच्या घरात राहतात, ज्यांना बॅटरी परवडत नाही, त्यांच्या दरात मिसळतो. पहिल्या सहामाहीत माझ्या बिलात जी बचत दिसली, तिचा बराचसा भाग या सूटीतून आला होता, हे आकडे मांडल्यावर मला दिसले आणि ते मला रुचले नाही.

म्हणून वाहिनी-सहाय्य सुरू झाल्यावर सरसकट सूट काढून घेतली गेली तेव्हा अनेक सभासद नाराज झाले, तरी मला तो निर्णय योग्य वाटला. युरोपीय संघाच्या २०१८ च्या नवीकरणीय ऊर्जा निर्देशात ग्राहकांनी परस्परांना वीज विकण्याची व्याख्या करून त्याला मान्यता दिली आहे, आणि त्याच निर्देशात ऊर्जा-समुदायांवरचा जाळ्याचा आकार प्रत्यक्ष खर्चाला धरून असावा असेही म्हटले आहे. व्यवहार खरोखर एकाच रोहित्राखाली, एकाच वेळी झाला आणि त्याने वरच्या जाळ्याचा जड तास हलका केला, तर तेवढी सूट न्याय्य आहे. नुसत्या ‘स्थानिक’ या शब्दावर सूट देऊ नये.

दोन किरकोळ मुद्दे. १५ मिनिटांच्या नोंदींवरून घरात कोण कधी असते हे कोणालाही ओळखता येते, तरीही अ‍ॅपमध्ये इतर सभासदांची तासागणिक विक्री नावानिशी दिसत असे. आता नावाऐवजी क्रमांक दिसतो, पण दहा-बारा घरांच्या वाहिनीवर क्रमांकावरून घर ओळखणे अवघड नाही. आणि मासिक बिल फार गुंतागुंतीचे आहे. वितरण कंपनीचा वीज आकार, वहन आकार, बाजारातली खरेदी, विक्री आणि सहाय्याची रक्कम पाच वेगळ्या तक्त्यांत येते, आणि त्यांची बेरीज सरळ जुळवून पाहण्याची सोय नाही.

एकंदरीत, पहिल्या सहा महिन्यांतल्या सेवेला मी पाचपैकी दोन गुण देईन आणि नंतरच्या सेवेला चार. ज्यांच्याकडे केवळ पॅनेल आहेत आणि दुपारचा वापर हलवण्याची काही सोय नाही, त्यांना या बाजारातून फारसे मिळणार नाही, त्यांच्यासाठी वितरण कंपनीचा साधा करारच सोपा. ज्यांच्याकडे बॅटरी, गाडी, पाणी तापवण्याचे यंत्र किंवा पंप आहे, आणि ज्यांच्या परिसरात दुपारी वीज वापरणारे सभासद आहेत, त्यांनी सेवा जरूर घ्यावी, मात्र सही करण्यापूर्वी दोन गोष्टी लेखी मागाव्यात: लिलावात वाहिनीची क्षमता आणि विद्युतदाब धरला जातो का, आणि जाळ्यामुळे वीज देता आली नाही तर फरक कोण भरतो. मी सभासदत्व आणखी एका वर्षासाठी वाढवले आहे. नूतनीकरणाच्या अर्जात सूचनांसाठी जी मोकळी जागा होती, तेथे मी एवढेच लिहिले की दर महिन्याच्या बिलावर आमच्या रोहित्राचा कमाल भार छापावा, आणि त्या तासाला आमच्या बाजाराने तो किती उतरवला किंवा चढवला, हेही त्याच्या शेजारी छापावे.